कमरेला बांधायचं पोट

सोयाबीनची सोंगणी लागली की आमच्याकडं हवेत कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उडतं. थ्रेशर चालतं एखाद्याच्या शेतात आणि खाजवत बसतो अख्खा तालुका. परवा चिखलीहून मोटरसायकलवर येताना कॉलरीत, कानात, भुवयांत ते भरलं. घरी येऊन मोरीत नाक शिंकरलं तर मला रबराचा वास आला. कुटाराला रबराचा वास नसतो, एवढं मलाही कळतं. पण काही वर्षांमागं एका सोंगणीच्या दिवसांत हे दोन वास माझ्या नाकात एकदमच शिरले, आणि तेव्हापासून ते एका खोलीतल्या दोन भाडेकरूंसारखे तिथं राहतात. एकाला हाक मारली की दुसरा दार उघडतो.

मी पेशानं नर्स. पुरुष नर्सला सरकारी कागदात अधिपरिचारक म्हणतात, दवाखान्यात ब्रदर म्हणतात, आणि आमच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्यानं मला पंधरा दिवस "ओ सिस्टरभाऊ" म्हणून बोलावलं. मी ओ देत गेलो. बरा होऊन घरी जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून "चांगलं घर मिळो तुले" असा आशीर्वादही दिला.

त्या मोसमाबद्दल लिहायला बसलो की एक अडचण येते. मला त्यातलं सगळं आठवतं, पण वाटत काही नाही. दाढेला भूल दिल्यावर ओठाला हात लावून बघा. हाताला ओठ कळतो, ओठाला हात कळत नाही. तसे ते दिवस. मी त्यांना हात लावतो, ते तिथंच असतात.

त्या वर्षी वरून पत्र आलं होतं: क्षमताधारित प्रशिक्षण. नर्सेसची ट्रेनिंगं त्याआधीही व्हायची. हॉल, पंखा, समोर बोलणारे साहेब, दोन वेळा चहा आणि शेवटी सर्टिफिकेट. आम्ही सगळे त्याच तालमीत तयार झालेलो. मला तर झोपेतही योग्य जागी मान हलवता येते. नव्या पद्धतीत नुसतं ऐकल्याचं काही मिळणार नव्हतं. जे काम येतं म्हणता ते हातानं करून दाखवायचं, आणि समोर एक जण यादी घेऊन उभा राहणार. हात धुतले: होय की नाही. बाळ कोरडं केलं: होय की नाही. आईशी बोलली: होय की नाही. सगळे 'होय' झाले तर पास. नाहीतर परत शिका, परत या. विचार चांगलाच होता. पुस्तक पाठ असलेली आणि हात थरथरणारी नर्स मी पाहिली आहे. आरशातच पाहिली आहे.

यादी घेऊन उभा राहणारा तो एक जण मीच होतो. बारा दिवस पुण्याला राहून मी मास्टर ट्रेनर होऊन आलो होतो. पुण्यात पहिल्याच दिवशी मी उठून म्हणालो, "मॅडम, हे बाळ श्वास घेऊन नाही राह्यलं," आणि हॉल हसला. बाळ रबराचं होतं, त्यामुळं हसायला हरकत नव्हती. पण मी ते मनाला लावून घेतलं आणि उरलेले अकरा दिवस छापील मराठी बोललो. ते इतकं अंगात मुरलं की घरी आल्यावर मी वर्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, "प्रत्येक टप्प्यावर मातेस धीर द्यावा." वर्षा तेव्हा सातव्या महिन्यात होती. पाय पसरून भिंतीला टेकली होती. म्हणाली, "मातेस चहा द्यावा."

आता हे एका वाक्यात सांगून टाकतो, कारण सविस्तर मला जमत नाही. पोळ्याच्या आठवड्यात वर्षाच्या माहेराजवळच्या दवाखान्यात आमचं बाळ जन्मलं, रडलं नाही, आणि तिथल्या लोकांनी सगळं नीट करूनही गेलं. मी पोचलो तेव्हा ते कपड्यात गुंडाळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही याच पेशातले आहात, आत जाऊन तुम्हीच सांगा. मी आत गेलो. वर्षानं विचारलं, "कसं हाय?"

मी म्हणालो, "थोडं थकलंय."

हा आमच्या प्रसूतिगृहातला शब्द आहे. बाळ रडलं नाही की आम्ही आईला सांगतो, बाळ थकलंय. पुढं काहीही होऊ शकतं, सगळं त्या एका शब्दात मावतं, आणि तोपर्यंत आपल्याला दुसऱ्या खोलीत जाता येतं. कितीतरी बायांना मी तो दिला आहे. वर्षानं भिंतीकडं तोंड केलं. तिनं परत विचारलं नाही, मी परत सांगितलं नाही. बाकीचं तिला तिच्या आईनं सांगितलं. माझ्या चुकांची यादी केली तर ही पहिली लिहावी लागेल. पण हिच्यावर कोणाला हसवता येत नाही, म्हणून मी चारचौघांत नेहमी दुसरीच सांगतो.

दुसरी अशी. मी कामावर परत आलो आणि चिखलीत ट्रेनिंग सुरू झालं. सामानाची एक पेटी आली होती. तिच्यात रबराचं बाळ, बाळाला हवा द्यायची पिशवी, आणि एक पोट. हे पोट कमरेला पट्ट्यांनी बांधायचं. त्यात बाळ ठेवायचं, रक्तस्राव दाखवायला लाल पाण्याची थैली भरायची, वरून चादर घ्यायची आणि ट्रेनरनं स्वतः बाळंतीण व्हायचं, म्हणजे शिकणाऱ्या बाईला खऱ्या माणसाशी बोलता येतं. पहिल्या दिवशी मला उशीर झाला. पेटी मोटरसायकलवर बसेना. मी विचार केला, बाळ डिकीत टाकू, पोट इथूनच बांधून जाऊ, वर सैल शर्ट. थैलीही भरूनच घेतली, तेवढाच वेळ वाचेल.

धान्य बाजाराच्या कोपऱ्यावर गतिरोधक आहे. तिथं थैली फुटली.

माझी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली. हमालांनी मला उचललं आणि सोयाबीनच्या ढिगावर झोपवलं. मी "काही नाही, काही नाही" म्हणत होतो, पण एवढं रक्त गेलेला माणूस असंच म्हणतो. एका हमालानं शर्ट वर केला आणि थबकला.

"अबे, याच्या पोटावर पोट हाय."

"कोणाचं हाय?" मागचा म्हणाला.

"सरकारचं," मी सांगितलं.

त्या दिवसापासून मी पोट बांधणं सोडलं. ते टेबलावर ठेवायचं, बाजूला उभं राहायचं आणि यादी भरायची. नियम मला माहीत होता. पण बाजारातनं जाताना अजून कोणीतरी विचारायचं, "ब्रदर, कितवा महिना?" आणि विचारणाऱ्याला घरचं काही ठाऊक नसायचं. मी म्हणायचो, "बारावा." लोक हसायचे. मीही.

यादीचं मात्र मला बरं वाटायचं. ती फक्त होय की नाही एवढंच विचारायची. त्या दिवसांत मला त्याहून लांब उत्तर येत नव्हतं. घरी वर्षा विचारायची, "आज काय शिकवलं?" मी शिकवत होतो ते न रडणाऱ्या बाळाचं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. मी सांगायचो, "हात धुणं." पाचव्या दिवशी ती म्हणाली, "लयच मळलेले दिसतात तुमच्या जिल्ह्यातले हात." आणि ताट उचलून आत गेली.

नसीम सिस्टर याच वेळी आल्या. डोणगावच्या. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात कंत्राटावर सतरा वर्षं बाळंतपणं करत होत्या, वयानं माझ्याहून दहा वर्षं मोठ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, क्षमताधारित म्हणजे आजलोक आमची क्षमता नव्हती काय?"

"आजवर तुमची हजेरी होती," मी म्हणालो.

त्या हसल्या. पण त्यांचं प्रकरण हसण्याचं नव्हतं. जी पास होणार नाही तिला प्रसूतिगृहात ठेवायचं नाही, लसींच्या नोंदी करायला टेबलावर बसवायचं, असं पत्रात स्पष्ट होतं. परत परीक्षा एकदाच. "मले नोंदीले बसवू नका बरं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मले बसता येत नाई. घरी टीव्ही बी मी उभ्यानंच पाह्यते."

परीक्षेत मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली: बाळ जन्मलं आहे, रडत नाही. त्यांचे हात बघण्यासारखे होते. कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. बाळ पुसलं, पाठ चोळली, नाळ कापली, मास्क बसवला, पिशवी दाबली. तोंडातनं मात्र चकार शब्द नाही.

"बोला, सिस्टर," मी म्हणालो.

"कोणासंग?"

"मातेशी."

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. "कुठं हाय?"

"ही काय, समोर."

"हे तं टेबल हाय, सर."

"माता आहे असं समजा."

"समजलं," त्या म्हणाल्या, आणि टेबलाकडं बघत गप्प उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लाज वाटते हो. टेबलासंग बोलणारी बाई पाहून लोक मलेच भरती करतीन."

मागच्या बाया तोंडाला पदर, ओढणी लावून हसल्या. मी यादीत खाली आलो. आईला नावानं हाक मारली: नाही. काय चाललंय ते सांगितलं: नाही. धीर दिला: नाही. शंका विचारू दिली: नाही. चार फुल्या मारल्या आणि सही केली. हाताला काही कळलं नाही.

संध्याकाळी त्या जिन्यात थांबल्या होत्या. "एका टेबलासाठी काढता काय मले?"

"यादीत आहे, सिस्टर."

"यादी कोणं केली?"

"वरून आली."

"वरच्यायनं बाळंतपण पाह्यलं असंन ना?"

"पाह्यलं असंन," मी म्हणालो. पुण्याहून आल्यापासून माझ्या तोंडून निसटलेलं ते आपल्या बोलीतलं पहिलं वाक्य. त्यांनी ते ऐकलं. जीपमध्ये जागा धरायची होती. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज फार वेळ आला.

आता सांगताना मी इथं पश्चात्ताप झाला असं म्हणायला हवं. झाला नाही. चूक माझी आहे, टेबल मी ठेवलं, हे मला त्याच रात्री माहीत होतं. जसं आपल्याला आपल्या गाडीचा नंबर माहीत असतो. मी जेवलो, झोपलो. वर्षा भिंतीकडं तोंड करून झोपत असे. मधे एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी राहायची. तिथं मी यादीची फाइल ठेवायचो.

आठ दिवसांनी फेरपरीक्षा. बाहेरच्या जिल्ह्यातून निरीक्षक मॅडम आल्या होत्या. शांत बाई, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी टेबलावरचं पोट बघितलं. "हे इथं कशाला?"

"सोयीसाठी, मॅडम."

"कोणाच्या?"

मी पट्टे बांधले. बाया हसल्या, मीही एक डोळा मारला. टेबलावर उताणा झालो, मागं उशी, अंगावर चादर. खिडकीतनं कुटार येत होतं आणि छातीवर रबराचा वास. बाळाला एक बारीक नळी असते, तिच्या टोकाला लहान फुगा. तो ट्रेनरच्या मुठीत. समोरच्या बाईनं सगळं बरोबर केलं की ट्रेनरनं फुगा दाबायचा. बाळाची छाती आपोआप हलू लागते. म्हणजे बाळ वाचलं. मी चादरीखाली फुगा धरला.

नसीम सिस्टर आल्या, आणि दारातूनच सुरू झाल्या. "काय नाव तुह्यं, बाई?"

"वर्षा," मी म्हणालो. दुसरं नाव आठवलं नाही.

"वर्षा, मी नसीम. हात पाह्य माह्ये, धुतले. घाबरू नको. मी इथून कुठं जात नाई."

मग त्या बोलतच राहिल्या. हात तेच, आठ दिवसांपूर्वीचे; फक्त आता त्यांना तोंड मिळालं होतं. बाळ बाहेर आलं. पुसलं, चोळलं. रडलं नाही. नाळ कापली, मास्क बसवला. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. सगळं बरोबर. माझी पाळी आली होती.

मी फुगा दाबला नाही.

मुद्दाम नाही. ठरवूनही नाही. मूठ माझी होती, तिच्यात फुगा होता, आणि तिला दाब म्हणून सांगणारं कोणी नव्हतं. नसीम सिस्टरांना वाटलं असेल, परीक्षा अवघड केली आहे. त्यांनी मास्क परत बसवला, मान सरळ केली. दाब, दोन, तीन. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग नसीम सिस्टरांनी हात न थांबवता माझ्याकडं बघितलं.

"वर्षा, इकडं पाह्य. बाळ श्वास घेऊन नाई राह्यलं. मी देऊन राह्यली."

चिठ्ठीवर आईची वाक्यं लिहिलेली होती. ती मला पाठ होती. मी भलतंच विचारलं. "थकलं हाय का?"

"नाई बाई," त्या म्हणाल्या. "थकलं नाई. थकलेलं बाळ येगळं अन हे येगळं. तुले खोटं नाई सांगत. अजून मी थांबली नाई. थांबली तं तुले सांगून थांबीन."

दाब, दोन, तीन. पंखा फिरत होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "थांबा."

यादीतली शेवटची ओळ होती: बाळाचा श्वास सुरू झाला. मॅडमची पेन्सिल तिथं येऊन थांबली. "तंत्र बरोबर वाटलं मला. मग बाळानं श्वास का घेतला नाही?"

नसीम सिस्टरांचा चेहरा उतरला. सतरा वर्षं एका पेन्सिलीच्या टोकाशी आली होती. "मास्क बराबर होता, मॅडम. छाती वर येऊन राह्यली होती. मले नाई माहीत काऊन."

"फुगा माझ्याकडं होता," मी पडल्या पडल्या म्हणालो. "मी दाबला नाही. त्यांची काही चूक नाही. मागल्या वेळच्या चार फुल्याही माझ्याच. पोट टेबलावर ठेवलं होतं. टेबलाशी कोण बोलेल?"

"का नाही दाबला?"

"विसरलो."

मॅडमनी यादी उलटी करून मागची बाजू बघितली, परत सरळ केली. "यात ट्रेनरच्या चुकीला रकाना नाही."

"मंग मी पुन्हा करून दाखवते," नसीम सिस्टर म्हणाल्या.

"नको. दाखवलंत." आणि त्यांनी सगळ्या ओळींपुढं होय लिहिलं. शेवटच्या ओळीपुढं थोडा वेळ घेतला, मग तिथंही.

नसीम सिस्टर अजून त्याच केंद्रात आहेत. मधे मेहकरला भेटल्या तर ओरडल्या, "सर, टेबल बरं हाय ना?" त्यांना आमच्या घरचं तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. त्यांनी मला वेगळं काही दिलं नाही. जी समोर येईल तिला त्या देतात तेच.

त्या संध्याकाळी वर्षानं विचारलं, आज काय शिकवलं. मी हात धुण्याचं सांगितलं नाही. झालं ते सांगितलं, पोट, फुगा, नाव, सगळं. तो शब्द मी दवाखान्यात का वापरला, तेही सांगायला लागलो, पण ते वाक्य पुरं झालं नाही. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. मोडतच म्हणाली, "बाळाले अठरा मिनिटं श्वास देऊन राह्यले होते ते. समोरच घड्याळ होतं." मग आम्ही जेवलो. त्या रात्री फाइल मी कपाटावर ठेवली. जागा तेवढीच राहिली, पण रिकामी.

पण त्याआधी, परीक्षेच्या खोलीतलं एवढं सांगायचं राहिलं. मॅडम चहाला खाली गेल्या. बायाही गेल्या. मी पट्टे सोडायला गेलो तर बोटं चालेनात. नसीम सिस्टर बाळ पुसून पेटीत ठेवत होत्या. त्या आल्या, चादर थोडी सरकवली, पट्टे एकेक करून सोडले, पोट बाजूला काढलं आणि चादर परत माझ्या छातीपर्यंत ओढली. मी उठू लागलो तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"एकदम उठू नका."

"सिस्टर, परीक्षा झाली. पास झाल्या तुम्ही."

"हाव, आयकलं मी. पण एकदम उठलं की चक्कर येते. पडून राहा थोडं."

मी पडून राहिलो.